सावकाश खाणाऱ्यांची टाकी

पहिला वायू पेटत नाही. बायोगॅसची टाकी नव्याने भरून झालेली असते, तरंगतं पिंप थोड्याच दिवसांत वर उचललं जातं, आणि मग घरातलं कोणी ना कोणी काडेपेटी घेऊन शेगडीपाशी उभं राहतं. कॉक फिरवला की फुस्स आवाज होतो, काडी जवळ नेली की काडीच विझते. मग चर्चा सुरू. नळी गळतेय, बर्नर जुना आहे, कचरा चुकीचा पडला, ज्याने टाकी बसवली त्यालाच काही कळत नाही. प्रत्यक्षात बिघडलेलं काहीच नसतं. पिंपात जमलेला वायू बहुतांशी कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे आग विझवायला वापरतात तोच. शिवाय सुरुवातीला आत अडकलेली हवाही त्यात असते, आणि हवेत मिथेनचं (बायोगॅसमधला पेटणारा वायू तोच) प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये असलं की मिश्रण स्फोटक होतं. तेव्हा ही पहिली भरती मोकळ्यावर सोडून द्यावी आणि काडेपेटी खिशातच ठेवावी, हे उत्तम.

मला मात्र हा न पेटणारा वायू फार बोलका वाटतो. आत कोण आलंय आणि कोण अजून यायचंय, हे तो सांगतो. झटपट खाणारे आलेत, कामालाही लागलेत. सावकाश खाणाऱ्यांचा अजून पत्ता नाही.

हवा नसताना ओला कचरा कसा पचतो याची आकृती सगळीकडे सारखीच असते: चार चौकोन, एकाखाली एक, मध्ये बाण. आधी जिवाणू आपल्या शरीराबाहेर विकरं (एन्झाइम) सोडून मोठे रेणू तोडतात. पिठूळ पदार्थांची साखर होते, प्रथिनांची अमिनो आम्लं, तेलातुपाची मेदाम्लं. मग हे सगळं आंबतं आणि त्यातून अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं, थोडं अल्कोहोल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. तिसऱ्या चौकोनात अ‍ॅसिटिकपेक्षा लांब साखळीची आम्लं तुटून अ‍ॅसिटेट (अ‍ॅसिटिक आम्लाचंच रूप) आणि हायड्रोजन उरतात. शेवटच्या चौकोनात मिथेन. आकृतीत खोटं काही नाही. तिच्यात वेळ दिसत नाही, एवढंच. पहिल्या दोन चौकोनांतले जिवाणू मनात आणलं तर तासाभरात दुप्पट होतात. शेवटच्या चौकोनातल्या, अ‍ॅसिटेटवर जगणाऱ्या काही जातींना दुप्पट व्हायला पाच-सहा दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे टाकीचे पुढचे पाय पळणारे आणि मागचे रांगणारे. टाकी चालवणाऱ्याची सगळी कला या रांगणाऱ्यांकडे बघून पावलं टाकण्यात आहे.

टाकीचं आकारमानही त्यांच्याच हिशेबाने ठरतं. रोज जेवढं पातळ मिश्रण आत ओतावं तेवढंच दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतं, आणि त्याच्यासोबत आतले जीवही थोडे थोडे वाहून जातात. कचरा सरासरी आठवडाभरच आत राहील अशी टाकी बांधली, तर सावकाश वाढणारे जन्माला येण्याआधीच बाहेर निघालेले असतात. म्हणून घरगुती टाकीत माल महिनाभर तरी राहावा असं धरतात. रोज दहा लिटर मिश्रण जाणार असेल तर आत तीनशे लिटर द्रव मावला पाहिजे. लोक ‘लहान टाकी नाही का मिळणार’ विचारतात. मिळते. विकणारे विकतात. तिच्यात काय जगणार हा वेगळा प्रश्न.

दलदलीतून निघणारा वायू पेटतो हे कळून आता अडीचशे वर्षं होतील. १७७६ साली इटलीच्या उत्तरेला, लागो माज्जोरे नावाच्या सरोवराच्या काठाशी अलेस्सांद्रो व्होल्टाने काठीने तळाचा गाळ ढवळला, वर आलेले बुडबुडे पाण्याने भरलेल्या उपड्या बाटलीत धरले आणि पेटवून पाहिले. निळसर ज्योत आली. विजेच्या घटाने व्होल्टाचं नाव झालं ते पुढे चोवीस वर्षांनी. १८९५ च्या सुमाराला इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉनने मैलापाण्यासाठी बंद सेप्टिक टाकी बांधली आणि तिच्यातला वायू दिव्यांसाठी वापरला गेला. म्हणजे उपयोग करायला आपण लवकर शिकलो. हे करतं कोण, हे मात्र त्यानंतरही सत्तर वर्षं नीट कळलेलं नव्हतं.

ही गोष्ट मला सांगायलाच हवी, कारण माझं टाकीकडे बघणं तिच्यामुळे बदललं. प्रयोगशाळांत अनेक वर्षं एक जीव सांभाळला जात होता. नाव मिथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्की. रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ओमेलियान्स्कीचं नाव त्याला दिलेलं. त्याला अल्कोहोल द्यावं, तो अ‍ॅसिटेट आणि मिथेन करून देतो. शुद्ध संवर्ध, म्हणजे एकाच जातीचा वाढवलेला साठा, म्हणून त्याच्यावर अभ्यास होत राहिला. १९६७ साली अमेरिकेत मार्व्हिन ब्रायंट, एलीन आणि मेयर वोलिन आणि राल्फ वुल्फ यांनी दाखवून दिलं की हा एक जीव नाहीच. दोन आहेत, आणि एकमेकांना इतके चिकटून जगतात की इतकी वर्षं कोणाला वेगळे करता आले नव्हते. त्यांतला एक अल्कोहोल खाऊन हायड्रोजन सोडतो, पण हायड्रोजन साचला की त्याचं स्वतःचंच खाणं थांबतं. दुसऱ्याला अल्कोहोलचा काडीचा उपयोग नाही. तो फक्त हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मिथेन करतो. पहिल्याचा कचरा उचलला जातो म्हणून पहिला जगतो, आणि तोच कचरा मिळतो म्हणून दुसरा.

याच वुल्फच्या प्रयोगशाळेतले मिथेन करणारे जीव त्याच विद्यापीठातल्या कार्ल वूझने तपासले, आणि १९७७ साली वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी जाहीर केलं की हे जीव जिवाणूंच्या कुळातले नाहीतच. दिसतात तसे, पण वंशावळ निराळी. पुढे त्यांना आर्किया म्हणू लागले. जीवसृष्टीच्या तीन मोठ्या शाखांपैकी एक शाखा आपण कचऱ्याच्या टाकीत, गाईच्या पोटात आणि दलदलीत बघत होतो आणि ती वेगळी आहे हे ठाऊक नव्हतं. यातल्या बऱ्याच जीवांत एफ-४२० नावाचा एक सहविकर, म्हणजे विकराला कामात साथ देणारा रेणू, असतो. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या प्रकाशात त्यामुळे ते आपोआप निळसर हिरवे चमकतात, रंग न घालता. शेवाळी रंगाच्या गढूळ पाण्याच्या थेंबात हे असले दिवे असतात यावर माझा आधी विश्वास बसला नव्हता.

हायड्रोजनच्या देवघेवीपाशी जरा थांबू, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. प्रोपिऑनेट हे तीन कार्बनचं आम्ल घ्या. ते तोडून अ‍ॅसिटेट आणि हायड्रोजन करायचे, तर रसायनशास्त्राच्या प्रमाण परिस्थितीत मोलमागे (मोल म्हणजे रेणू मोजायचं माप) सुमारे ७६ किलोज्यूल पदरचे घालावे लागतात. खाऊन ऊर्जा मिळण्याऐवजी खर्च होत असेल तर कोण खाईल? पण आजूबाजूचा हायड्रोजन सतत कोणी उचलत राहिलं आणि त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दहाहजाराव्या भागाखाली राहिला, तर तेच गणित फिरतं आणि हातात चार दाणे उरतात. हायड्रोजन फारच खाली गेला तर मात्र उचलणाऱ्याचं पोट भरत नाही. म्हणजे एकाला तो जितका कमी तितका बरा, दुसऱ्याला तो अगदीच संपलेला चालत नाही. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात दोघांनी मिळून जगायचं, आणि मिळून जे मिळेल ते वाटून घ्यायचं. ते फार थोडं असतं. ग्लुकोजचा एक मोल हवेत पूर्ण जाळला तर सुमारे २,८७० किलोज्यूल मुक्त ऊर्जा निघते. हवेविना त्याचा मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड केला तर सुमारे ४०० मिळते, आणि तीही साखळीतल्या सगळ्यांत वाटायची. बाकीची जवळजवळ सगळी मिथेनमध्ये तशीच राहते.

शेगडीवर जळते ती ही राहून गेलेली ऊर्जा. ते जीव गरीब आहेत म्हणून आपल्याला जाळायला काही उरतं. हवेशीर खताच्या ढिगाऱ्यात हात घातला तर चटका बसेल इतका तो तापतो, कारण तिथले जीव सगळी ऊर्जा तिथल्या तिथे उधळून टाकतात. बायोगॅसची टाकी स्वतःहून तापत नाही. थंडी पडली की ती मंदावते, आणि ज्योत लहान होते. आतल्या मंडळींना ३५ ते ३८ अंश सेल्सिअस मानवतं. दुसरी एक जमात ५० ते ५५ अंशांवर खूश असते आणि तिचा वेगही जास्त, पण तेवढं तापमान बाहेरून राखावं लागतं आणि ते घरी करणं म्हणजे हौसेचं मोल भलतंच.

दोघांमधली देवघेव चालते ती अतिशय जवळून. मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावं असं अंतर असतं. म्हणून टाकी फार जोराने ढवळू नये. थोडं हलवलं तर वर जमलेली साय मोडते आणि ताजा माल सगळीकडे पोचतो, पण घुसळण झाली की जोड्या तुटतात. ढवळून वायू वाढतो असा समज असलेले पुष्कळ भेटतात. ढवळल्यावर लगेच पिंप वर येतं हेही खरं, पण तो गाळात अडकून राहिलेला वायू सुटलेला असतो. नव्याने झालेला नसतो.

सुरुवातीला ही मंडळी टाकीत येतात कुठून? कचऱ्यासोबत थोडी येतात, पण त्यांच्या भरवशावर राहिलं तर महिने जातील. म्हणून शेणाचा काला घालतात, किंवा चालू टाकीतली स्लरी, म्हणजे पचून बाहेर पडणारा पातळ काला, मागून आणतात, दुधाला विरजण लावावं तसं. शेण उपयोगी ते जीवांसाठी. वायूसाठी म्हणून ते पाहिलं तर निराशा होते, कारण गाईने त्यातलं चांगलंचुंगलं आधीच खाल्लेलं असतं आणि तिच्या पोटातल्या मिथेनवाल्यांनी आपला वाटाही घेतलेला असतो. ओल्या शेणाच्या किलोमागे चाळीसेक लिटर वायू मिळतो. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या किलोमागे, पचन नीट झालं तर, शंभर ते दीडशे. जिवाणूंनाही आपल्यासारखंच पचायला सोपं अन्न आवडतं हा साधा विचार धरून डॉ. आनंद कर्वे यांनी पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत घरगुती छोटं संयंत्र तयार केलं. २००६ साली त्या कामाला ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. तोवर बायोगॅस म्हटलं की गोठा हवाच, असं जवळजवळ सगळे धरून चालत.

आता हे शंभर-दीडशे लिटर म्हणजे किती, तेही बघू. उत्साहाच्या भरात बोलणारे या हिशेबापाशी येईपर्यंत विषय बदलतात. एक किलो ओल्या कचऱ्यात पाऊण किलोच्या वर पाणी असतं. कोरडा भाग दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम, त्यातला पचण्याजोगा दोनशेच्या आसपास. त्यातून ऐंशीएक लिटर मिथेन. साठेक ग्रॅम एलपीजीच्या तोडीचा. घरगुती बायोगॅस बर्नर तासाला तीनशे-चारशे लिटर वायू खातो, म्हणजे किलोभर कचऱ्यावर शेगडी वीसेक मिनिटं चालते. चहा होतो. स्वयंपाक होत नाही. सिलिंडर बंद होईल म्हणून कोणी टाकी करणार असेल तर मी त्याला सरळ नको म्हणतो.

मग करायची कशाला? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. यातलं पुष्कळसं कचऱ्याच्या डोंगरात दाबलं जातं, आणि तिथेही हवा नसतेच. तिथेही हेच चार चौकोन, हेच जीव, हीच सावकाश देवघेव. फरक एवढाच की मिथेन धरायला पिंप नसतं. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीसपट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबात सुमारे ऐंशीपट. टाकीचं खरं काम हा वायू बंदिस्त ठेवून जाळणं. चहा हा वरचा लाभ.

आणि म्हणूनच एक गोष्ट पटत नाही, ती बोलून टाकतो. वायू वापरायचा नसेल, बर्नर गंजून पडला असेल, पिंप भरलं की झडप उघडून सोडून द्यायचा असेल, तर टाकी ठेवू नये. त्यापेक्षा हवेशीर खत करावं. झाकण बंद करून मिथेन घडवायचा आणि मग हवेत सोडायचा, याला पर्यावरणाचं काम म्हणायचं तर कचऱ्याच्या डोंगरानेच काय पाप केलंय?

वायूत आणखी एक पाहुणा असतो. हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास त्याचाच, आणि नाकाला तो अब्जात काही भाग असला तरी कळतो. गंमत अशी की जास्त झाला की कळेनासा होतो. दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेला की वास घेण्याची शक्तीच बधिर होते, आणि पाचशेच्या पुढे तो जिवावर बेततो. घरगुती टाकीजवळ उघड्या हवेत ही भीती नाही, पण मोठ्या बंद टाकीत उतरून साफसफाई करायची असेल तर ‘वास येत नाही म्हणजे सुरक्षित’ हा हिशेब माणसं मारतो. घरी नळीत लोखंडाचा कीस भरलेली बरणी बसवतात. गंधक लोखंडाला धरतं आणि कीस हळूहळू काळा पडतो. माझ्या नळीला ही बरणी पारदर्शक आहे. वायू खालून येतो, त्यामुळे काळी रेघ तळापासून वर सरकते, आणि ती कुठवर पोचली यावरून कीस कधी बदलायचा ते कळतं. तिच्याच पुढे नळीला एक खोलगट वाक दिलाय, तिथे पाणी साचतं. टाकीतून वायू ओला निघतो आणि गार नळीत त्याची वाफ थेंब होते. ज्योत लुकलुकायला लागली की शेगडीला दोष न देता वाकाची तोटी उघडावी. चमचाभर पाणी पडतं आणि ज्योत सरळ होते.

टाकी आजारी पडते ती बहुधा लाडाने. घरात पाहुणे, अन्न उरलेलं, एकदम बादलीभर आत. झटपट खाणाऱ्यांची चंगळ होते. काही तासांत आम्लं तयार, पण ती उचलणारे त्यांच्याच चालीने चाललेले. हायड्रोजन साचतो, प्रोपिऑनेटवाले हात आखडतात, आम्लं आणखी साचतात. मिथेनवाल्यांना सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) ६.८ ते ७.५ च्या मध्ये लागतो. तो घसरला की तेही मंदावतात, आणि ते मंदावले की सामू आणखी घसरतो. पिंप मात्र या काळात छान वर येत असतं, कारण कार्बन डायऑक्साइड भरपूर निघतोय. बघणारा खूश. ज्योत पिवळी, मग अशक्त, मग नाही.

सामू मोजणाऱ्या पट्ट्या आणून लोक निर्धास्त राहतात. त्यांना सांगावंसं वाटतं की सामू सगळ्यात शेवटी बोलतो. टाकीतल्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, ते आम्लं गिळत राहतं आणि सामू जागचा हलत नाही. बायकार्बोनेट संपलं की एका फटक्यात कोसळतो. म्हणून मोठ्या संयंत्रांत रोज आम्लं आणि ती झेलणारी अल्कली यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.३ ते ०.४ च्या वर चढू लागलं की खुराक कमी करतात. घरी एवढं कोण करणार, पण नाक असतंच. निरोगी टाकीच्या स्लरीला ओल्या मातीचा, किंचित डांबरट वास येतो. आजारी टाकी आंबूस, खवट वास सोडते. तो ब्युटिरिक आम्लाचा. एकदा कळला की विसरत नाही. औषध एकच: खायला घालणं बंद. चुना किंवा खायचा सोडा घालून सामू वर ओढता येतो, पण साचलेली आम्लं कोणीतरी खाऊनच संपवायची आहेत आणि खाणाऱ्यांची चाल आपल्याला वाढवता येत नाही.

तेल-तूप हा आणखी एक लाड. कागदावर मेदाएवढा वायू कोणीच देत नाही. टाकीत ते वर तरंगतं, फेस करतं, आणि त्याची लांब मेदाम्लं जिवांच्या अंगाला चिकटून त्यांचं खाणंपिणं रोखतात. थोडं थोडं जिरतं. प्रथिनं जास्त झाली तर अमोनिया वाढतो आणि तोही मिथेनवाल्यांना जड जातो.

अन्नकचऱ्याचा एक आजार असा की त्याचा उलगडा व्हायला पुष्कळ वर्षं लागली. निव्वळ अन्नकचऱ्यावर चालणारी संयंत्रं महिनोन्महिने उत्तम चालायची आणि मग कारण नसताना त्यांच्यात प्रोपिऑनेट साचू लागायचं. जास्त खाऊ घातलेलं नाही, तापमान ठीक, तरी घसरण. साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ च्या सुमारास दाखवलं की कमतरता सेलेनियम आणि कोबाल्टची होती. अन्नात ती इतकी थोडी असतात की सुरुवातीच्या विरजणातला साठा रोज बाहेर पडणाऱ्या स्लरीबरोबर विरत विरत संपतो, आणि त्याला महिने लागतात. मिथेन घडवणाऱ्या शेवटच्या विकराच्या गाभ्यात निकेलचा अणू असतो. कोबाल्ट बी-१२ जीवनसत्त्वाच्या जातीच्या रेणूंत लागतो. लिटरमागे मिलिग्रॅमच्या अंशात मोजावीत इतकी ही मूलद्रव्यं थोडी लागतात, पण लागतात. शेण मिसळणाऱ्यांना ही अडचण सहसा येत नाही. गुरं चाऱ्यातून आणि मातीतून ही धातूंची चिमूट आणून टाकतातच. अधूनमधून पाटीभर शेण घालायची जुनी सवय होती तिच्यामागे हे कारण असेल असं कोणाच्या मनातही नव्हतं, पण सवय बरोबर होती.

मोठ्या संयंत्रांबद्दल दोन शब्द, कारण तिथे हाच प्रश्न फार मजेशीर तऱ्हेने सोडवलाय. बेल्जियममधल्या ब्रेख्त गावी ड्रॅन्को पद्धतीचं संयंत्र १९९२ पासून आहे. उभा, उंच मनोरा. कचरा पातळ न करता घट्टच वरून घालतात, आणि तो स्वतःच्या वजनाने दिवसेंदिवस खाली सरकतो. आत ढवळणी नाही. मग ताज्या कचऱ्याला जीव भेटणार कसे? खालून निघालेल्या पचलेल्या मालाचे सुमारे सहा भाग आणि ताज्याचा एक भाग बाहेरच कालवून पुन्हा वर चढवतात. म्हणजे टाकीत रोज जे जातं त्यात बहुतेक सगळे जुनेच असतात, नवा एखादाच. मला ही व्यवस्था फार आवडते. फ्रान्समधल्या वालोर्गा पद्धतीत ढवळण्यासाठी संयंत्राचाच वायू दाबून तळातून परत आत सोडतात. यंत्राचा एकही हलता भाग आत नाही, त्यामुळे त्याला चिंध्या गुंडाळल्या जात नाहीत.

चिंध्या, दोऱ्या, प्लास्टिक. सगळी संयंत्रं शेवटी यांच्याशीच भांडत असतात. ‘विघटनशील’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्याही त्यातच. त्यांतला पॉलिलॅक्टिक आम्लाचा प्लास्टिकसारखा पदार्थ साठेक अंशांच्या उकिरड्यात विरघळतो, पस्तीस अंशांच्या टाकीत तो महिनाभरात जवळजवळ जसाच्या तसा राहतो. पिशवीवर पान छापलेलं असतं. जिवाणूंना वाचता येत नाही.

आणि स्लरी. टाकी कचरा ‘संपवते’ असं सगळे बोलतात, मीही बोलण्याच्या ओघात बोलून जातो. पण दहा लिटर आत गेले की दहा लिटरच बाहेर येतात. वायू होऊन गेलेला कार्बन वजनात अगदी थोडा. नत्र, स्फुरद, पालाश सगळं आतच होतं आणि सगळं बाहेर येतं. उलट सेंद्रिय नत्राचा बराच भाग आता अमोनियम झालेला असतो, जो झाडाला लगेच घेता येतो आणि उन्हात उघडा ठेवला तर तितक्याच सहज उडून जातो. म्हणून स्लरी संध्याकाळी द्यावी, पाणी मिसळून द्यावी आणि वर मातीचा थर ओढावा. ज्याच्याकडे चार वाफे आहेत त्याला सोनं मिळालं. ज्याच्याकडे चार कुंड्या आहेत, त्याच्या हातात रोजचा दहा लिटर काळपट द्रव आहे आणि कुंड्यांना त्यातला तांब्याभरही जास्त. मी टाकीबद्दल विचारायला येणाऱ्यांना कचरा किती निघतो हे नंतर विचारतो. आधी विचारतो, स्लरी कुठे ओतणार? बरेच जण त्यावर गच्चीचा सांडपाण्याचा नळ दाखवतात, म्हणजे गटार. शेजारी बाग असेल, कोणाची रोपवाटिका असेल, तर पुढचं बोलणं होतं. टाकीची जागा, पाइपची लांबी आणि बर्नर हे विषय त्याच्यानंतर.